दोन तासांत निपाणी

ता. ३ जानेवारी १९३८, बेळगाव

आजपासून रोजनिशी ठेवायची असे ठरवले आहे. कर्तबगार माणसाचे चरित्र पुढेमागे कुणीतरी लिहितोच, आणि त्याला खरी माहिती मिळाली नाही की तो ऐकीव गोष्टी घालतो. माझ्या बाबतीत तसे होऊ नये.

तेव्हा आधी मुद्द्याचे. मी केदारी यल्लाप्पा होनगेकर, वय बेचाळीस, मूळ गाव कंग्राळी, मराठी सातवी पास. बारा वर्षांपूर्वी एका जुन्या लॉरीत फळ्या ठोकून बेळगावहून निपाणीला उतारू न्यायला लागलो. आज 'केदारी मोटार सर्व्हिस'च्या पाच गाड्या धावतात. या रस्त्यावर बैलगाडी सोडून दुसरे वाहन लोकांना मी दाखवले.

इतके लिहून हात थांबला. रोजनिशीचे खरे कारण दुसरेच आहे. आज निपाणीच्या स्टँडवर कोल्हापूरकडच्या एका कंपनीची नवी निळी गाडी लागली होती. माझ्या गाडीत बसलेली माणसे गाठोडी उचलून खाली उतरली आणि त्या गाडीत जाऊन बसली. तंबाखूचे दोन व्यापारी, मला पाहिले की उठून नमस्कार करणारे, निळ्या गाडीच्या पुढच्या सीटवरून माझ्याकडे बघून नुसते हसले. ती गाडी म्हणे सव्वादोन तासांत बेळगाव गाठते. आम्हाला अडीच लागतात.

मी तिथेच उभा होतो. माझ्या गाडीवर माझे नाव होते आणि गाडी रिकामी होती. घरी आल्यावर जेवलो नाही. बायकोला, अंजनीला, पित्त झाले म्हणून सांगितले.

ता. ६ जानेवारी

उपाय सापडला. सव्वादोन नव्हे, दोनच तास! पेंटरला बोलावून पाचही गाड्यांवर लिहायला सांगितले: 'केदारी मोटार सर्व्हिस. दोन तासांत निपाणी.' माझे नाव मोठ्या अक्षरांत, बाकीचे त्याखाली.

संध्याकाळी सगळ्या ड्रायव्हरांना ऑफिसात बोलावून हुकूम ऐकवला. भरमू तेवढा बोलला. भरमू येळ्ळूरचा, पहिल्या लॉरीपासून माझ्याबरोबर. गाडी चालू करताना हँडल उलटे फिरून त्याचा अंगठा मोडला तो माझ्याच लॉरीवर, अजून वाकडा आहे. म्हणून तो जरा जास्त बोलतो.

"मालक," तो म्हणाला, "रस्ता तेवढाच हाय, गाडी बी तीच हाय. मग अर्धा तास आनायचा कुठनं?"

बाकीचे हसले. त्यांनी हसायला नको होते. भरमूचे म्हणणे मी कदाचित ऐकूनही घेतले असते.

"तवंदीचा घाट उतरताना न्हाय निघत येळ," तो पुढे म्हणाला. "तिथं येळ काढला तर माणसं जातील."

मॅनेजर यमनाप्पा हुक्केरीकडचा, चार भाषा बोलतो आणि कुठे काय बोलावे हे त्याला कळते. तो शांतपणे म्हणाला, "धनी म्हणतात दोन, म्हणजे दोन. गाडी कुणाची आहे?"

असा एक माणूस जवळ असला की बरे वाटते.

ता. १९ जानेवारी

कंग्राळीला जाऊन आलो. आक्काताई माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तिनेच वाढवले. मला शाळेत सोडायला ती बेळगावपर्यंत चालत यायची. आता विधवा आहे. एकच मुलगा, शामू, तेवीस वर्षांचा. तो माझी मालाची लहान गाडी खानापूरला नेतो.

कंपनीला बारा वर्षे झाली म्हणून एक मार्चला निपाणीत माझा सत्कार होणार आहे, असे आक्काला सांगितले. मांडव, बँड, मानपत्र, सगळे.

"लोकांनी ठरवलं व्हय?" तिने विचारले.

"यमनाप्पाने ठरवले."

"म्हंजे तूच की रं."

तिला या गोष्टी कळत नाहीत. मी राग मानला नाही. शामू मात्र माझ्या तोंडाकडे बघत बसला होता. "मामा, मला मोठी गाडी द्या की. निपाणीची."

"घाट नको देऊस त्याला," आक्का म्हणाली. "अजून त्याला सबूर न्हाय. तुझ्यावानीच हाय त्यो."

माझ्यासारखा आहे हे खरेच. मला मूल नाही. शामूकडे बघितले की वाटते, हे पुढे कुणीतरी चालवील.

ता. ८ फेब्रुवारी

आज भरमूला कामावरून काढले.

तो तीन नंबरची गाडी घेऊन दुपारी आला आणि सरळ ऑफिसात शिरला. आत तीन-चार व्यापारी बसले होते. मी त्यांना सत्काराची पत्रिका दाखवत होतो.

"मालक, तीन नंबरचा ब्रेक धरत न्हाय. तवंदीला घसरली. दगुड आडवा टाकून क्लीनरनं थांबीवली. पट्टे झिजल्यात. पुण्याहनं नवे येईस्तोवर गाडी हुबी करा."

"किती दिवस?"

"पंधरा-वीस दिस."

सत्काराला पाचही गाड्या पाहिजेत. कंग्राळी, काकतीची माणसे मी फुकट नेणार आहे. ओळीने पाच गाड्या मांडवासमोर येऊन उभ्या राहणार. मी म्हणालो, "नंतर बघू."

"नंतर न्हाय मालक. मी ही गाडी आता घाटात घालणार न्हाय. दुसऱ्या कुणाला बी घालू देनार न्हाय."

इथे खरे ते लिहितो. क्षणभर माझ्या मनात आले की हा म्हणतो ते बरोबर असेल. गाड्यांतले त्याला माझ्यापेक्षा जास्त कळते. पण व्यापारी बघत होते. कुणाला गाडी घालू द्यायची नाही हे माझ्या ऑफिसात माझा ड्रायव्हर मला सांगत होता. मी म्हणालो, "तुला भीती वाटत असेल तर घरी बस. किल्ली ठेव."

त्याने किल्ली टेबलावर ठेवली. दारात वळून एवढेच म्हणाला, "बारा वरसं मी तुमाला कवा खोटं सांगितलं, मालक?"

व्यापारी गेल्यावर यमनाप्पा म्हणाला, "धनी, बरे केले. एकाला काढले की बाकीचे सरळ येतात." मला वाटले होते तितके बरे वाटले नाही.

ता. ११ फेब्रुवारी

तीन नंबर शामूला दिली. पोराला आनंद मावेना. माझ्या पाया पडला. पहिल्याच फेरीला दोन तास पाच मिनिटे! स्टँडवर मी स्वतः त्याची पाठ थोपटली. निळ्या गाडीचा ड्रायव्हर बघत होता.

आक्काला अजून कळवलेले नाही.

ता. २६ फेब्रुवारी

कामाची गर्दी. मानपत्राचा मजकूर तीनदा बदलून घेतला. 'उद्योगमहर्षी' हा शब्द यमनाप्पाने सुचवला. मी आधी नको म्हणालो, मग राहू दे म्हणालो.

शामू सकाळी येऊन म्हणाला, "मामा, ब्रेक लई दाबून धराय लागतंय. दोनदोनदा मारला तर कुठं लागतोय."

मी म्हणालो, "जवान माणूस तू. पायात जोर नाही?"

तो हसला. "हाय की मामा."

हे अंजनीने आतून ऐकले. जेवताना म्हणाली, "अवो, एक गाडी कमी आली तर काय हुतंय? लोकं काय गाड्या मोजाय येनार हाईत?"

मी तिला सांगितले की लोक नेमके तेच मोजतात.

ता. १ मार्च

(काही लिहिलेले नाही.)

ता. २ मार्च

सात. शामू धरून सात.

ता. ५ मार्च

लिहून ठेवले पाहिजे. न लिहिले तर मी वेगळेच काहीतरी आठवत जाईन.

गाड्या बाराच्या ठोक्याला मांडवासमोर आल्या पाहिजेत असे मी चारही ड्रायव्हरांना आणि शामूला बजावले होते. मी आणि अंजनी आदल्या दिवशीच निपाणीला गेलो होतो. बारा वाजता चार गाड्या आल्या. बँड वाजला. तीन नंबर आली नाही. मी घड्याळ बघत होतो आणि मनात शामूवर चिडत होतो. त्याच वेळी ती गाडी खाली पडलेली होती.

यमनाप्पा म्हणाला, सुरू करू या. माझ्या गळ्यात हार घातला. मानपत्र वाचायला लागले. दुसऱ्या परिच्छेदाला एक सायकलवाला मांडवात घुसला आणि ओरडला, "तवंदीला गाडी पडली! होनगेकराची गाडी पडली!"

माझ्या मनात पहिला विचार काय आला तेही लिहितो. 'याने सगळ्यांसमोर का ओरडावे?' असे वाटले. एका क्षणापुरतेच. पण आले.

घाटाच्या शेवटच्या वळणावरून गाडी खाली गेली होती. टपासकट एकतीस माणसे होती. गाडीचा असा चुरा झाला होता की कुठला भाग कुठला ते कळत नव्हते. कंग्राळीची माणसे गवतात ओळीने निजवली होती. मष्णू सुताराची दहा वर्षांची मुलगी होती, नवे परकर-पोलके घातलेली. रुक्माबाई म्हणून आक्काच्या शेजारीण होत्या, मला लहानपणी ताक द्यायच्या. शामूला बाहेर काढायला दीड तास लागला. त्याचा उजवा पाय ब्रेकवरच होता. लोक म्हणाले, पाय इतका आवळलेला होता की सोडवता येईना.

मी तिथे उभा होतो. सगळे माझ्या छातीकडे बघत होते. शेवटी अंजनी जवळ आली आणि तिने माझ्या गळ्यातला हार काढला.

ता. ९ मार्च

कंग्राळीला गेलो. गावात सहा घरांतून रडणे. आक्का भिंतीला टेकून बसली होती, रडत नव्हती. ती मला काय बोलेल याची मी वाटभर तयारी केली होती.

ती म्हणाली, "तीन नंबर त्याच्याकडं कवापासनं हुती?"

"महिना झाला नाही."

"मला बोलला न्हाय. तुला वंगाळ वाटंल म्हून बोलला नसंल." मग विचारले, "लगेच गेला व्हय रं? का लई येळ लागला?"

"लगेच गेला," मी म्हणालो. मला खरे माहीत नाही.

तिने मला दोष दिला नाही. बाहेर पडलो तेव्हा मोकळे वाटले आणि त्या मोकळे वाटण्याची मला किळस आली.

ता. १५ मार्च

यमनाप्पा दार लावून बोलला. चिकोडीला चौकशी आहे. ब्रेक खराब होता आणि मालकाला ठाऊक होते असे ठरले तर लायसन जाईल, कदाचित तुरुंग. ड्रायव्हर प्यालेला होता असे ठरले तर विषय तिथेच संपला.

"शामू पीत नव्हता," मी म्हणालो.

"धनी, तो आता काहीच करत नाही." तो अगदी हळू बोलतो. "गेलेल्या माणसाला काय लागते? कंपनी राहिली तर तुम्ही त्याच्या आईला जन्मभर बघाल. कंपनी गेली तर कोण बघणार? संकेश्वरचा एक हॉटेलवाला सांगायला तयार आहे."

तो का तयार आहे हे मी विचारले नाही. दिवसभर हिशोब मांडला. पाच गाड्यांपैकी चार शिल्लक, त्यावर वीस घरे जगतात. मी बुडालो तर वीस घरे बुडतात. माणसाने फक्त स्वतःपुरते बघून चालत नाही. हे सगळे खरे आहे. वीस वेळा मनात म्हटले, प्रत्येक वेळी खरे वाटले.

अंजनीने विचारले, "काय ठरलं?" मी सांगितले. ती ताट वाढत होती.

"पोरगं तुमच्या शबुदावर पाय दाबून मेलं," ती म्हणाली. "आता त्याच्या तोंडाला दारू लावनार तुमी?"

ता. ३० मार्च

चिकोडीची चौकशी झाली.

भरमू आला होता. कुणी बोलावले नव्हते, आपण होऊन आला. ब्रेक झिजला होता, मी मालकाला सांगितले, मालकाने मला काढले, असे सरळ सांगितले. आमच्या वकिलाने विचारले, तुला कामावरून काढले त्याचा राग आहे का? भरमू म्हणाला, "हाय की. न्हाय कसा?" तिथेच त्याची साक्ष गेली. त्याला खोटे बोलता येत नाही.

गाडी तपासणाऱ्याने सांगितले की चुऱ्यावरून काही सांगता येत नाही. हॉटेलवाल्याने त्याचे काम केले. मग मला बोलावले.

शपथ घेतली. म्हणालो, मयत माझा सख्खा भाचा. त्याला मुलासारखा वाढवला. त्याला व्यसन लागले होते हे मला उशिरा कळले, मामाच्या मायेपोटी मी डोळेझाक केली, तेवढाच माझा गुन्हा.

'मामाच्या मायेपोटी' हे ठरवलेले नव्हते. ते ऐन वेळी सुचले. कोर्टात अगदी शांत झाले होते, मागच्या बाकावरची एक बाई डोळे पुसत होती. माझा आवाज चांगला लागला होता. बोलत असताना मला, देव क्षमा करो, बरे वाटत होते. महिन्यानंतर पहिल्यांदा माणसे माझ्याकडे पूर्वीसारखी बघत होती.

बाहेर भरमू झाडाखाली उभा होता. मी त्याच्यासमोरून गेलो. तो थुंकलाही नाही. थुंकला असता तर बरे झाले असते.

ता. ७ एप्रिल

निकाल लागला. दोष ड्रायव्हरचा. यमनाप्पाने पेढे आणले होते. मी आत ठेवायला सांगितले. अंजनीने परड्यात नेऊन टाकले.

ता. १९ एप्रिल

आक्का ऑफिसात आली. कंग्राळीहून उन्हातून चालत. बाकड्यावर बसली, पाणी प्याली. मी तिला घरी चल म्हणालो.

"न्हाय. हितंच बोलतो." ती माझ्याशी नेहमी अशीच बोलते, पुरुषासारखी. "केदारी, शामू पेला हुता असं तू कोर्टात बोललास व्हय?"

मी वकिलाचे, कायद्याचे सांगायला लागलो. तिने हात वर केला.

"मला कायदा नको. मष्णूची बायकू रोज सकाळी माज्या दारात येती. रोज. म्हनती, तुज्या दारुड्यानं माजी पोरगी मारली. रुक्माबाईचा ल्योक मला हिरीवर पानी भरू देईना. शामूचं तेरावं केलं तर गावातलं एक मानूस जेवाय आलं न्हाय. पोरगं गेलं ते मी सोसलं. तू बोलावलास तिकडं गेलं, तुज्या गाडीत गेलं, ते बी सोसलं. ह्ये मला सोसत न्हाय रं."

"काय करू सांग, आक्का."

"गावात ये. चावडीम्होरं हुबा ऱ्हा. चार मानसांत येकदा म्हन, शामू पेला नव्हता. कोर्ट-बिर्ट ऱ्हाऊ दे. गावात म्हन."

मी म्हणालो, बघतो. तिला गाडीने पोचवायला निघालो तर म्हणाली, "गाडी नको," आणि चालत गेली.

ता. २४ एप्रिल

कंग्राळीला निघालो होतो. अर्ध्या वाटेवरून परत आलो. ऊन फार होते.

ता. २ मे

पुन्हा निघालो. वेशीपर्यंत गेलो. पारावर दहा-बारा माणसे बसलेली दिसली. गावात आज माणसे नेहमीपेक्षा जास्त होती. एवढ्या लोकांत बोलणे ठीक नव्हते. चारच माणसे असतील तेव्हा जाईन.

ता. २१ मे

गाड्या रिकाम्या धावतात. निकाल माझ्या बाजूने लागला, वर्तमानपत्रात आले, तरी लोक चढत नाहीत. काकतीला आज एकाने हात दाखवून गाडी थांबवली, पाटी वाचली आणि मागे सरकला. दोन गाड्या बंद केल्या. पाटीवरची 'दोन तासांत' ही अक्षरे पुसून घेतली, पण रंग खालून दिसतोच.

यमनाप्पा निळ्या कंपनीत गेला. पत्र ठेवून गेला. त्यात 'आपल्या छत्राखाली' असे शब्द आहेत.

ता. ४ जून

अंजनी कंग्राळीला गेली. मला वाटले, माहेरी जाईल. ती आक्काकडे राहायला गेली आहे. जाताना दोनच लुगडी घेतली.

मी विचारले, "माझ्याकडे कोण बघणार?"

ती म्हणाली, "बघा, पैला सवाल कुठला आला त्यो." आणि निघाली. ती असे का बोलली मला कळले नाही. घरात माणूस नसले तर जेवणाचे कोण बघणार, एवढेच मी विचारत होतो.

ता. १३ जून

चुलीवर भात करायचा प्रयत्न केला. करपला. खिडकीतून रस्ता दिसतो. निळी गाडी दिवसातून सहा वेळा जाते. मोजतो.

मला कुणी भेटायला येत नाही. सत्काराच्या पत्रिकेचे दोनशे कागद पडून आहेत. पूर्वी सकाळी दारात दहा माणसे असत. त्यांतला एकही माझा नव्हता का? की मीच कुणाचा नव्हतो? हे असले विचार पूर्वी येत नसत.

ता. २७ जून

येळ्ळूरला भरमूकडे गेलो. तो शेतात चिखलात रोप लावत होता. बांधावर उभा राहून म्हणालो, परत ये. सगळ्या गाड्या तुझ्या हातात देतो. म्हणशील तेव्हा उभी कर, म्हणशील तेव्हा चालव. माझ्या आयुष्यात मी कुणाला इतके बोललो नव्हतो.

त्याने हात धुतले, बांधावर आला.

"येतो मालक," तो म्हणाला. "तुमच्यासाटनं न्हाय. गाडी मला आवडती. पर आदी कंग्राळीला जावा. आक्काताईनं सांगितल्यालं करून या. मग दुसऱ्या दिशी मी किल्ली घ्याय येतो."

"आणि नाही गेलो तर?"

"तर मी रोप लावतो." तो परत चिखलात उतरला.

ता. २ जुलै

उद्या जाणार. नक्की. काय बोलायचे ते लिहून काढले. चार पाने झाली. तीनदा वाचले. चांगले उतरले आहे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल असे काही भाग आहेत.

ता. ३ जुलै

जाऊन आलो.

चावडीसमोर माणसे जमली. अंजनीनेच घरोघर सांगून आणली होती. मष्णू सुतार आणि त्याची बायको पुढेच बसली होती. रुक्माबाईंचा मुलगा भिंतीला टेकून उभा. आक्का एका बाजूला पायरीवर, अंजनी तिच्याजवळ. पाऊस नुकता थांबला होता.

मी बोललो. कागद काढावा लागला नाही, सगळे पाठ होते. या गावच्या मातीतून मी कसा वर आलो, कसा एकट्याने धंदा उभा केला, निपाणीपर्यंत या गावाचे नाव नेले. मग माझ्यावर कसा प्रसंग आला. खोट्या माणसांनी मला कसे घेरले, यमनाप्पाने माझ्या तोंडी काय घातले. ड्रायव्हर प्यालेला नव्हता, ते कोर्टात बोलणे खोटे होते, असेही मी स्पष्ट सांगितले. ते म्हणताना मी आवाज थोडा उतरवला. आज माझी काय अवस्था आहे, घरात दिवा लावायला माणूस नाही, तेही सांगितले. शेवटी हात जोडले.

कुणी रडले नाही.

मष्णूची बायको उठली, आक्काकडे गेली आणि तिच्याजवळ पायरीवर बसली. रुक्माबाईंच्या मुलाने पायरीजवळची रिकामी घागर उचलली आणि विहिरीकडे गेला. म्हणजे जे व्हायचे ते झाले. आक्काचे काम झाले. मला वाटले, आता ती माझ्याकडे बघेल.

माणसे पांगली. मी पायरीजवळ गेलो. "आक्का, झाले ना तुझ्या मनासारखे?"

तिने वर बघितले. तिच्या तोंडावर राग नव्हता. मी आजारी असताना ती असे बघायची.

"झालं," ती म्हणाली. "केदारी, येवढा येळ बोललास. त्याचं नाव का रं घेतलं न्हायस?"

"कुणाचे?"

आक्का उठली. अंजनीने तिला हात दिला आणि दोघी घरात गेल्या. दार लावले नाही, पण मला आत ये असे कुणी म्हणालेही नाही.

मी चालत बेळगावला आलो. चार मैल. वाटेत सगळे भाषण पहिल्यापासून मनात म्हणून पाहिले. आता समोर ती चार पाने घेऊन बसलो आहे. ओळीवर बोट ठेवून वाचली. दोनदा वाचली. कुठेतरी असेलच, 'शामू' असे मी लिहिलेच असणार. भाचा तो माझा. 'ड्रायव्हर' असे तीन ठिकाणी आहे. 'केदारी' सतरा ठिकाणी आहे.

उद्या भरमू किल्ली घ्यायला येईल. तो विचारील, जाऊन आलात का, मालक? मी हो म्हणेन, आणि ते खरे असेल.